प्रा. लुत्फी झादेह : 'हो' आणि 'नाही' यांच्या मधलं गणित मांडणारे प्राध्यापक

अनेक घरांतल्या वॉशिंग मशीनवर 'फझी लॉजिक' हे शब्द छापलेले दिसतात. या कल्पनेचे जनक प्रा. लुत्फी झादेह यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

बालपण आणि शिक्षण

झादेह यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९२१ रोजी बाकू (अझरबैजान) येथे झाला. वडील इराणच्या अर्दबीलचे पत्रकार, तर आई ओडेसाच्या ज्यू कुटुंबातल्या बालरोगतज्ज्ञ. दहा वर्षांचे असताना कुटुंब तेहरानला आलं. तेहरान विद्यापीठातून १९४२ मध्ये त्यांनी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. १९४४ मध्ये ते अमेरिकेला गेले. एमआयटीतून १९४६ मध्ये मास्टर्स आणि कोलंबिया विद्यापीठातून १९४९ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली.

अध्यापन

दहा वर्षं कोलंबियात शिकवल्यावर १९५९ मध्ये ते बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आले आणि शेवटपर्यंत तिथलेच राहिले. १९६३ ते १९६८ या काळात ते विभागप्रमुख होते. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या या विभागाच्या नावात 'कॉम्प्युटर सायन्सेस' हे शब्द जोडले गेले, ते याच काळात.

संशोधन

१९६५ मध्ये त्यांचा 'फझी सेट्स' हा निबंध प्रसिद्ध झाला. कॉम्प्युटरला 'हो' किंवा 'नाही', म्हणजे १ किंवा ० एवढंच कळतं. माणूस मात्र 'थोडं गरम', 'बऱ्यापैकी उंच' असं बोलतो. झादेह म्हणाले, मधल्या पायऱ्याही मोजू या. समजा, कोमट पाणी 'गरम' या गटात ०.४ बसतं आणि उकळतं पाणी पूर्ण १. मग मशीनलाही 'पाणी जरा गरम असेल तर आच कमी कर' असा नियम देता येतो.

या विचाराला कडाडून विरोध झाला. नामवंत शास्त्रज्ञ रुडॉल्फ काल्मन यांनी भर परिषदेत टीका केली. बर्कलेतलेच सहकारी प्रा. विल्यम काहान यांनाही तो मान्य नव्हता. झादेह चिडले नाहीत. टीका ऐकून घेत आणि काम चालू ठेवत.

मग लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजमध्ये प्रा. इब्राहीम ममदानी यांनी १९७० च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यासोबत वाफेचं इंजिन फझी नियमांवर चालवून दाखवलं. ममदानी यांचा जन्म टांझानियातला, पण शिक्षण भारतात झालेलं. आजही पाठ्यपुस्तकांत 'ममदानी पद्धत' शिकवतात. १९८७ मध्ये जपानच्या सेंदाई शहरातली मेट्रो फझी नियंत्रणावर धावू लागली. नंतर कॅमेरे, राइस कुकर आणि वॉशिंग मशीन आले.

सन्मान आणि अखेर

१९८९ मध्ये होंडा पुरस्कार आणि १९९५ मध्ये आयईईईचं सर्वोच्च 'मेडल ऑफ ऑनर' त्यांना मिळालं. १९९१ मध्ये निवृत्त होऊनही त्यांचं संशोधन थांबलं नाही. ६ सप्टेंबर २०१७ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. दफन जन्मगावी, बाकूत करण्यात आलं.

आपल्या मुलांसाठी

आपल्याकडे कॉम्प्युटर म्हटलं की डिग्री आणि लगेच नोकरी, एवढाच हिशोब होतो. तो चुकीचा नाही. घर चालवावं लागतं. पण एखाद्या मुला-मुलीला गणिताची खरी ओढ असेल, तर एम.टेक., पीएच.डी. आणि प्राध्यापकी हाही रस्ता आहे, हे घरात बोललं गेलं पाहिजे. निबंध ते मेट्रो या प्रवासाला २२ वर्षं लागली. इल्मच्या वाटेवर एवढा सब्र लागतो, आणि तो घरच्यांनाही ठेवावा लागतो.