तटबंदी आणि बीज

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील आंबागड किल्ला इ. स. १७०० च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सरदार राजा खान याने बांधला, असे परंपरेने सांगितले जाते. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी उभारलेला हा तट पुढे नागपूरकर भोसल्यांनी कैद्यांना आत ठेवण्यासाठी वापरला. तट तोच, भरवशाची दिशा मात्र उलटी. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहताना आम्हांला हा किल्ला आठवतो. तिथेही दीर्घकाळ असाच भरवसा होता : गाठ म्हणजे तटाआडचा कैदी, तिला तटासकट उचलले की काम संपले.

अर्बुदाचा शेष राहिला तर ते पुन्हा उद्भवते, हा इशारा सुश्रुतसंहितेतही आहे. ५ एप्रिल १९३३ रोजी सेंट लुईस येथे एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी एका कर्करोग्याचे एका बाजूचे सबंध फुप्फुस काढले. तो रुग्ण पुढे अनेक वर्षे जगला. खुद्द ग्रॅहम मात्र १९५७ साली फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेले. परंतु इतर अनेकांच्या बाबतीत, मूळ जागी काहीही शिल्लक नसताना, रोग मेंदूत वा हाडांत परतून येई. कैदी आधीच निसटलेला असे.

त्याची चाहूल जुनीच होती. १८६९ साली मेलबर्नमध्ये टॉमस अ‍ॅशवर्थ यांना एका मृत रुग्णाच्या रक्तात त्याच्या गाठींतल्यासारख्याच पेशी दिसल्या. १८८९ साली लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी प्रतिमाच बदलली : रोगपेशी हे बीज, अवयव ही भूमी. बीज चहूकडे जाते. रुजते ते मानवेल त्या मातीतच. धानाच्या बांध्यांत वाढलेल्या भंडारेकराला हे समजावून सांगावे लागणार नाही.

ही केवळ अलंकाराची अदलाबदल नव्हे. फुप्फुसाचा खंड काढताना धमनी आधी बांधावी की नीला? नीलेतून रक्त हृदयाकडे आणि तेथून सर्वांगात जाते. गाठ हाताळली जात असताना ही वाट उघडी असेल, तर पेशी निसटू शकतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील चाचणीत, धमनी आधी बांधलेल्या ४० पैकी २६ रुग्णांच्या रक्तात अशा पेशी शस्त्रक्रियेनंतर वाढल्या. नीला आधी बांधलेल्या ३८ पैकी केवळ १२ जणांच्या. पूर्वीच्या काही अभ्यासांत या क्रमाने फरक पडल्याचे दिसले नव्हते, हेही नोंदवले पाहिजे.

याच चिंतेतून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगात वेगळा उपाय तपासला : शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती लिग्नोकेनचे इंजेक्शन. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सुमारे १,६०० स्त्रिया होत्या. पाच वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण ८२.६ टक्क्यांवरून ८६.६ टक्क्यांवर गेले. निष्कर्ष स्तनाच्या कर्करोगापुरता आहे. तो फुप्फुसाला लावता येणार नाही.

साहित्याच्या वर्गात आपण प्रतिमेला अर्थाचे भूषण म्हणतो. येथे तिने शस्त्रवैद्याच्या हातातील गाठीचा क्रम ठरवला. म्हणूनच तिचा अर्धा भाग विसरणे महाग पडते. रक्तात पेशी सापडली म्हणजे रोग परतलाच, असे रुग्णाला सांगणे हे भूमी विसरून केवळ बीज मोजणे होय. अशा पेशींपैकी बहुतेक रक्तातच मरतात. किल्ल्याच्या प्रतिमेने खोटा दिलासा दिला. बीजाच्या अर्धवट प्रतिमेने खोटी भीती देऊ नये.