नृत्यपोशाख, टिकाऊ

नृत्यपोशाख, टिकाऊ : दीर्घकाळ वापरता येणारा, दुरुस्त करता येणारा, एकीकडून दुसरीकडे जाऊ शकणारा आणि शेवटी फारसा कचरा मागे न ठेवणारा नर्तनाचा पोशाख. बॅलेच्या क्षेत्रात या विचाराची जाणीवपूर्वक चर्चा एकविसाव्या शतकात सुरू झाली. महाराष्ट्रात लावणीचे नऊवारी लुगडे या सर्व कसोट्यांना फार पूर्वीपासून उतरत आले आहे. येथील विवेचन मुख्यतः त्याविषयी व विदर्भातील कापडाविषयी आहे.

नऊवारीची रचना : नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मी. लांबीचे हे वस्त्र न कापता, न शिवता नेसतात. कमरेला गाठ मारून निऱ्या घालतात आणि काष्टा मागे खोचतात. त्यामुळे पाय मोकळे राहून चक्कर, बैठक व ठेका घेता येतो. निऱ्यांची रुंदी कमीजास्त करता येत असल्याने अंगमापाचा प्रश्न येत नाही. एकच लुगडे आई, मुलगी किंवा फडातील दुसरी नर्तकी नेसू शकते. अंगाला घट्ट बसणारी आणि घामाने लवकर विटणारी वस्तू म्हणजे चोळी. ती बदलायला मात्र थोडेसेच कापड पुरते. पारंपरिक चोळीचा खण प्रामुख्याने कर्नाटकातील गुळेदगुड्ड येथून येतो, तर इरकली लुगडे इलकलचे. मराठी नर्तकीच्या अंगावरचे बरेचसे कापड असे सीमेपलीकडचे आहे.

लुगडे सर्वत्र सारखे झिजत नाही. काष्टा व पायाजवळचा काठ यांवर ताण अधिक येतो. मधला भाग विरला की तो काढून उरलेले दोन तुकडे जोडत, म्हणजे लुगड्याला दंड घालत. रंगमंचावर जोड चालत नसला तरी सरावासाठी व घरी असे लुगडे चालत असे. अगदी जीर्ण झाल्यावर त्याची गोधडी किंवा वाकळ होई. खरी जर चांदीची असल्याने जुन्या शालूचे वा पैठणीचे काठ जाळून चांदी परत मिळवता येते. प्लॅस्टिकच्या चमकत्या पट्टीपासून केलेल्या जरीला असे मोल नाही. पायातला चाळही असाच टिकाऊ असतो. पितळी घुंगरू वर्षानुवर्षे टिकतात. दोरी तुटली किंवा चामड्याचा पट्टा कुजला तर तेवढाच नवा घालून तेच घुंगरू पुन्हा ओवतात.

विदर्भातील धागा व वस्त्र : नागपूर हे कोष्टी व हलबा कोष्टी विणकरांचे जुने केंद्र. नागपुरी सुती लुगडी हातमागावर विणली जात. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर गिरणीच्या कापडाशी हातमागाची स्पर्धा वाढली. महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ १९७१ पासून नागपूर येथून काम करते. भंडारा व नागपूर परिसरातील करवती लुगड्याचे अंग टसरचे व काठ सुती असतो. काठावरील करवतीच्या दातांसारखी नक्षी तीन धोट्यांनी, धागे एकमेकांत अडकवून विणतात. काठ वेगळा शिवून लावलेला नसल्याने तो निघून येण्याचा प्रश्न नसतो. नृत्यासाठी हा गुण कापडाच्या चमकेपेक्षा महत्त्वाचा मानला पाहिजे.

कापडाचा टिकाऊपणा कापसाच्या बोंडापासून ठरत जातो. नागपूरलगत अमरावती मार्गावरील वाडी येथे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. मूळ संस्था मुंबईत १९२४ मध्ये स्थापन झाली. जिनिंगमध्ये रुई सरकीपासून वेगळी करतात. या टप्प्यात तंतू तुटला की सूत कमकुवत होते. पोत्याचे प्लॅस्टिक धागे रुईत मिसळले, तर ते रंग घेत नाहीत आणि रंगवलेल्या कापडावर ठिपके उमटतात. नागपूरच्याच केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने ‘वैदेही-९५’ हा नैसर्गिक तपकिरी रुईचा वाण दिला आहे. अशा रुईला रंगवण्याची गरज कमी भासते, परंतु लावणीला लागणारे भडक लाल, हिरवे वा जांभळे रंग तिच्यातून मिळत नाहीत. वर्ध्याचे मगन संग्रहालय (१९३८) खादी व नैसर्गिक रंगांचे काम करते.

शिवलेली नऊवारी : तयार निऱ्या व काष्टा शिवून, कमरेला नाडी वा हूक लावून केलेला प्रकार. दोन गाण्यांच्या मधल्या अल्प वेळात पोशाख बदलायला तो सोयीचा ठरतो. एकदा कापल्यावर मात्र लुगडे पुन्हा साडी म्हणून वापरता येत नाही आणि माप ठरून जाते. हा प्रकार बहुधा पॉलिएस्टरमध्ये मिळतो. परंपरेच्या दृष्टीने तो ग्राह्य मानावा की नाही, याबाबत मतभेद आहेत. याउलट शाळांच्या स्नेहसंमेलनासाठी ड्रेपरीच्या दुकानातून पोशाख भाड्याने आणण्याची रीत ही वापर वाटून घेण्याचीच पद्धत होय. एकाच हंगामात तीच कोळी किंवा लावणीची ड्रेपरी अनेक मुलींच्या अंगावर जाते. ‘शाश्वत फॅशन’च्या चर्चेत या दुकानांचा उल्लेख सहसा आढळत नाही.

भरतनाट्यम् : या नृत्याच्या पोशाखासाठी रेशमी साडी कापून शिवतात; वाढत्या वयाच्या मुलींसाठी शिवणीत जादा कापड ठेवण्याची काळजी घ्यावी लागते.

खडी गंमत, दंडार : विदर्भातील या लोकप्रकारांत स्त्रीवेषासाठी घरातली लुगडी वापरली जात.

बॅले : या नृत्यात सर्वाधिक झीज पादत्राणाची होते. बोटांच्या टोकावर उभे राहण्यासाठी घालतात त्या पॉइंट शूचे टोक कापडाचे थर व खळ यांनी कडक केलेले असते. घाम व दाब यांमुळे ते मऊ पडते आणि व्यावसायिक नर्तकीला कधीकधी एका प्रयोगातच जोड संपल्याचे आढळते. थर खळीने चिकटलेले असल्याने साटिन, चामडे व कापड वेगळे करणे अवघड असते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन गेनर मिंडेन कंपनीने टोक व तळवा यांसाठी लवचीक कृत्रिम पदार्थ वापरून बुटाचे आयुष्य वाढवले. अंगाला घट्ट बसणाऱ्या लिओटार्ड या कपड्यासाठी इटलीच्या अ‍ॅक्वाफिल कंपनीचा ‘इकोनिल’ (२०११) हा जुन्या मासेमारी जाळ्यांपासून व टाकाऊ गालिच्यांपासून केलेला नायलॉन काही उत्पादक वापरतात. त्यात ताणासाठी स्पॅन्डेक्स (१९५८) मिसळल्याने कपडा जुना झाल्यावर पुन्हा धागा करणे कठीण जाते. 

धुलाई : कृत्रिम कापडातून धुताना सूक्ष्म तंतू पाण्यात जातात; जरीची लुगडी फार वेळा धुवत नाहीत, वाऱ्यावर टाकून घडी करतात.