जुनी स्पोर्ट्स कार : थेट विक्री आणि डीलरला विक्री

वापरलेली स्पोर्ट्स कार विकण्याचे भारतात दोन मुख्य मार्ग आहेत : खरेदीदार स्वतः शोधून त्याला थेट विकणे, किंवा जुन्या गाड्यांच्या डीलरला देऊन मोकळे होणे. या दोहोंमधला तिसरा मार्ग ‘पार्क अँड सेल’ या नावाने चालतो. त्यात गाडी डीलरच्या शोरूममध्ये उभी राहते, मालकी मूळ मालकाचीच असते आणि सौदा झाल्यावर डीलर ठरलेली टक्केवारी घेतो. थेट विक्रीत बहुधा जास्त पैसे मिळतात. मात्र डीलरने कमी दिलेली सगळी रक्कम त्याच्या खिशात जात नाही. गाडी पडून राहण्याची जोखीम, दुरुस्ती, कर आणि कागदपत्रांची जबाबदारी यांची किंमत तीत धरलेली असते. यांपैकी कागदपत्रांकडे विकणाऱ्यांचे सर्वांत कमी लक्ष असते, आणि पुढे सर्वांत जास्त त्रास त्यांचाच होतो.

नेहमीच्या हॅचबॅकला आठवड्यात गिऱ्हाईक मिळू शकते. पोर्शे बॉक्स्टर, बीएमडब्ल्यू झेड-4, ऑडी टीटी, मर्सिडीज एसएलके यांसारख्या दोन दारांच्या गाड्यांचे तसे नसते. खरेदीदार मोजके, ते मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू अशा शहरांत विखुरलेले, आणि बहुतेकांच्या घरी रोजच्या वापराची दुसरी गाडी आधीच असते. त्यामुळे त्यांना घाई नसते. डीलरचे भांडवल मात्र तोवर अडकून पडते. म्हणून तो भाव ठरवताना गाडी किती चांगली आहे याच्याइतकाच, ती किती दिवसांत जाईल याचाही विचार करतो. कंपनीचे देशातले भवितव्यही तो जोखतो. फोर्ड मस्टँग 2016 मध्ये भारतात 5 लिटरच्या व्ही-8 इंजिनासह आली. 2021 मध्ये फोर्डने इथले उत्पादन थांबवण्याची घोषणा केल्यावर सुटे भाग आणि सर्व्हिस यांचा प्रश्न प्रत्येक जुन्या मस्टँगच्या सौद्यात येऊ लागला. नव्या गाड्यांवरील करही जुन्यांचा भाव हलवतो. सप्टेंबर 2025 मध्ये मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून होणारा बोजा उतरून 40 टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीसाठी कालचा भाव कोणी देत नाही.

याउलट, खाजगी खरेदीदार गाडीच्या पूर्वायुष्याचे पैसे मोजतो. याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे सचिन तेंडुलकरची फेरारी 360 मोडेना. कसोटीतील 29 शतकांच्या ब्रॅडमनच्या संख्येशी बरोबरी केल्याबद्दल फियाटतर्फे ती 2002 मध्ये मायकेल शूमाखरच्या हस्ते त्याला मिळाली, तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून मोठा वाद झाला, आणि 2011 मध्ये ती सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘फेरारी की सवारी’ या चित्रपटाची गोष्ट तिच्याभोवती गुंफलेली आहे. अशा गाडीची किंमत तिच्या वयावरून आणि किलोमीटरवरून निघत नाही. गोव्यात नव्वदीच्या दशकाअखेर तयार झालेली, रेनोचे छोटे पेट्रोल इंजिन असलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही उघड्या टपाची दोन आसनांची कार दुसऱ्या टोकाला आहे. डीलरच्या दरपत्रकात तिला जागा नाही, पण भारतीय गाड्यांचा इतिहास जपणाऱ्याला ती हवी असते. दुर्मीळ रंग, हाताने बदलायचे गिअर, एकाच मालकाकडे नियमित झालेल्या सर्व्हिसच्या पावत्या, मूळ दुसरी किल्ली यांनाही तोच न्याय लागू होतो. अशी गाडी असेल तर घाईने डीलरकडे नेणे हे नुकसानच आहे. उलट नंतर बसवलेले एक्झॉस्ट, ट्यूनिंग किंवा बदललेला रंग यांवर केलेला खर्च दोन्हीकडे फारसा वसूल होत नाही, आणि हे बदल आरसीवर नोंदलेले नसतील तर हस्तांतरालाही अडथळा येतो.

तपासणीत डीलर निर्दय असतो, आणि त्याचे तसे असणे योग्यच आहे. रंगाची जाडी मोजणाऱ्या उपकरणाने प्रत्येक पत्रा तपासला जातो, संगणक जोडून फॉल्ट कोड वाचले जातात. पोर्शेच्या इंजिन नियंत्रकात इंजिन ठराविक मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवले गेले याची नोंद राहते, ती काढून पाहिली जाते. टायर, ब्रेकच्या डिस्क आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्स यांवरून सर्वाधिक घासाघीस होते, कारण स्पोर्ट्स कारमध्ये हे भाग बदलण्याचा खर्च लाखांत जाऊ शकतो. थेट विकणाऱ्याने हीच तपासणी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून आधी करून घ्यावी आणि अहवाल खरेदीदारापुढे ठेवावा. दोष लपवून मिळवलेला भाव टिकत नाही, तो नोटिशीच्या रूपाने परत येतो. ‘ट्रायल’ मारण्याच्या निमित्ताने गाडी घेऊन फिरू पाहणाऱ्यांची संख्या या प्रकारात मोठी असते. परवाना पाहिल्याशिवाय आणि स्वतः शेजारी बसल्याशिवाय किल्ली हातात देऊ नये.

कायद्याच्या दृष्टीने विक्री पैसे हातात आल्यावर संपत नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने हस्तांतराची खबर राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आणि राज्याबाहेर 45 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची असते, तर घेणाऱ्याने 30 दिवसांत. विकणाऱ्याची सूचना नमुना 29 मध्ये आणि हस्तांतराचा अर्ज नमुना 30 मध्ये होतो. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. व्यवहारात मात्र या नमुन्यांवर कोऱ्या सह्या घेऊन एजंट निघून जातो आणि गाडी आणखी दोघातिघांच्या हातांतून फिरते. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेले प्रकरण नेमके असेच होते. 2007 मध्ये विकलेली गाडी एकामागून एक हात बदलत गेली, 2009 मध्ये तिच्या अपघातात एका मुलाचा जीव गेला, आणि आरटीओच्या दप्तरी नाव पहिल्याच मालकाचे राहिले होते. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर ठेवली. चारशे अश्वशक्तीची गाडी अनोळखी माणसाच्या हाती देणाऱ्याने हा निकाल लक्षात ठेवलाच पाहिजे.

याच पळवाटेवर उपाय म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी अधिकाऱ्याकडून पाच वर्षांचे अधिकारपत्र घेता येते. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना 29-सी मध्ये पोर्टलवर दिली की तो डीलर ‘मानीव मालक’ ठरतो, आणि पुढच्या घटनांची जबाबदारी त्याच्यावर येते. डीलरला ती गाडी रस्त्यावर फक्त ट्रायल, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांसाठीच नेता येते आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते. डीलरला विकण्याच्या बाजूने हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. मात्र तो अधिकृत डीलरलाच लागू पडतो. मोठी काचेची शोरूम आणि अधिकारपत्र या वेगळ्या गोष्टी आहेत. विकणाऱ्याने अधिकारपत्राचा क्रमांक मागावा आणि 29-सी ची पोच हाती आल्यावरच गाडी सोडावी.

परदेशातून आणलेल्या गाडीला सीमाशुल्काचे कागद आरसीइतकेच महत्त्वाचे. या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या एका पोर्शे कारेराचे प्रकरण 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपले. आयात करणाऱ्याने ती विकली, घेणाऱ्याने पुन्हा विकली, आणि बुडालेले शुल्क नंतरच्या खरेदीदाराकडून मागितले गेले. न्यायालयाने तो ‘आयातदार’ नसल्याचे सांगून ती मागणी रद्द केली. तरी त्या माणसाला वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्याच. म्हणून ‘बिल ऑफ एंट्री’ हा सीमाशुल्काचा कागद नसलेल्या आयात गाडीला चांगला डीलर हात लावत नाही.

महाराष्ट्रात आयात केलेल्या गाड्यांवर आणि कंपनीच्या नावावरील गाड्यांवर रस्ता कर 20 टक्के आहे. त्याची कमाल मर्यादा 20 लाख रुपयांची होती, ती जुलै 2025 पासून 30 लाख झाली. हा कर चुकवण्यासाठी इतर राज्यांत नोंदलेल्या महागड्या गाड्या मुंबईत कायम दिसतात. दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला क्रमांक घ्यावा लागतो, त्यामुळे अशी गाडी मुंबईकराला विकताना पुढचा कर खरेदीदार किमतीतूनच वजा करतो. आणखी एक वळण पंधराव्या वर्षी येते. त्या वेळी नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क साध्या मोटारीला 5 हजार, तर आयात मोटारीला 40 हजार रुपये आहे.

करांच्या बाबतीत खाजगी विक्रेत्याची बाजू सोपी आहे. स्वतःच्या वापराची गाडी दुसऱ्या व्यक्तीला विकल्यास जीएसटी लागत नाही. ती आयकराच्या दृष्टीने वैयक्तिक वापराची वस्तू असल्याने भांडवली नफ्यावर करही नाही, आणि झालेला तोटाही दाखवता येत नाही. डीलर खरेदी आणि विक्री यांतील फरकावर 18 टक्के जीएसटी भरतो. समजा, त्याने 50 लाखांना घेतलेली गाडी 56 लाखांना विकली, तर 6 लाखांच्या फरकावर 1 लाख 8 हजार कर जातो. उरलेल्यातून पॉलिश, टायर, व्याज आणि जागेचे भाडे निघायचे असते. 2 लाख किंवा त्याहून जास्त रोकड घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. ‘थोडे चेकने, बाकी रोख’ असे सुचवणारा खरेदीदार कितीही चढा भाव देवो, त्याला नकार देणेच बरे.

विम्यात विकणाऱ्याचे हक्काचे पैसे असतात, ते बरेच जण विसरतात. नो क्लेम बोनस गाडीला नव्हे, मालकाला मिळालेला असतो. तो स्व-हानीच्या हप्त्यावर 50 टक्क्यांपर्यंत जातो आणि विमा कंपनीकडून प्रमाणपत्र घेतल्यास तीन वर्षांत पुढच्या गाडीला लावता येतो. स्पोर्ट्स कारचा हप्ता मोठा असल्याने ही रक्कमही मोठी भरते. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिल्यास, हस्तांतरानंतर तृतीय-पक्ष विमा आपोआप त्याच्याकडे येतो, स्व-हानीचे संरक्षण मात्र पॉलिसी नावावर झाल्याशिवाय मिळत नाही.

बँकेचा बोजा असलेली गाडी थेट विकणे कठीण जाते. बोजा उतरल्याशिवाय खरेदीदार पूर्ण पैसे देत नाही आणि पैसे भरल्याशिवाय बँक कागद सोडत नाही. डीलर कर्ज परस्पर फेडतो, त्यामुळे अशा वेळी तोच मार्ग सरळ. भाव वेळेप्रमाणेही बदलतो. पितृपक्षात सौदे थंडावतात, दसरा-दिवाळीला आणि पाडव्याला मागणी वाढते. छत उघडणारी गाडी कोकण-मुंबईच्या पावसात दाखवण्यात अर्थ नाही, ती ऑक्टोबरनंतर बाहेर काढावी. जानेवारी उजाडला की कागदावर गाडी एका वर्षाने म्हातारी होते, म्हणून वर्षाअखेरीस डीलर हात आखडता घेतात.

पार्क अँड सेलमध्ये विक्रीपर्यंत चलान, विमा आणि अपघात यांची जबाबदारी कोणाची, किमान किंमत किती आणि गाडी किती दिवस ठेवायची हे लेखी नसेल, तर मालकाला दोन्ही मार्गांचे तोटेच मिळतात. मार्ग कोणताही असला तरी ताबा देताना तारखेसोबत वेळही लिहिलेली, दोघांच्या सहीची डिलिव्हरी नोट करतात. जुनी ई-चलाने आधी भरतात, फास्टॅग बंद करतात, आणि गाडीला जोडलेल्या मोबाइल ॲपमधून आपले खाते काढून टाकतात.