मशागत यंत्रे, काळ्या जमिनीची

पेरणीपूर्वी जमीन मोकळी, भुसभुशीत व तणमुक्त करणारी अवजारे आणि यंत्रे. नांगर, वखर, सबसॉयलर, रोटाव्हेटर व रुंद वरंबा-सरी यंत्र ही त्यांतील प्रमुख होत. मराठवाड्यातील बेसाल्टजन्य काळ्या मातीत त्यांची खरी कसोटी लागते.

माती व वाफसा : ही चिकणमाती भिजली की फुगते व अवजाराला चिकटते, वाळली की आकसते, भेगाळते व दगडासारखी टणक होते. या दोन टोकांमधील वाफशाचे मोजके दिवसच मशागतीला योग्य असतात. म्हणून कमी ओढीत आणि कमी फेऱ्यांत काम उरकणे, हे रचनेचे पहिले सूत्र ठरते.

इतिहास : बैल आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या भागाइतकीच ओढ दीर्घकाळ देऊ शकतो. त्यामुळे फाळाचा आकार व झीज यांना फार महत्त्व असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव येथे लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमीन नासेल, या भीतीने शेतकरी आरंभी तो घेईनात. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसल्यावर मात्र नांगरांच्या उत्पादनाने जोर धरला. पुढे हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत व बैलांनी ओढायचे चाकांचे बहुउपयोगी अवजार पुढे आणले. पद्धत टिकली, अवजार महागडे असल्याने फारसे रुजले नाही. शेतकऱ्याची ऐपत हेही रचनेचे एक माप आहे, हा त्याचा धडा.

आजची यंत्रे : ट्रॅक्टरचलित रुंद वरंबा-सरी यंत्र, म्हणजेच बीबीएफ, वरंबा, सरी व पेरणी एकाच फेरीत करते. सरीतून जादा पाणी निघून जाते, तर पावसाच्या खंडात तिच्यात मुरलेली ओल सोयाबीनसारख्या पिकाला तग धरायला मदत करते. रोटाव्हेटर ढेकळे झटपट फोडतो. पण एकाच खोलीवर तो वारंवार चालवल्यास खाली कठीण थर तयार होतो आणि मुळे व पाणी अडते. तो थर सबसॉयलरने फोडावा लागतो, तोही जमीन कोरडी असताना. ओल्या मातीत त्याचे पाते नुसती चीर पाडते.

मूल्यमापन : फाळाचा कोन, कामाची खोली, यंत्राचे वजन आणि चाकांचा मातीवरील दाब यांवर इंधनाचा खर्च व जमिनीचे आरोग्य अवलंबून असते. मातीची गरज भागेल एवढीच मशागत, तीही वाफशावर, हाच चांगल्या यंत्राचा निकष होय.