दूरशिक्षण व मुक्त विद्यापीठे

शिक्षक व विद्यार्थी एका ठिकाणी न येता मुद्रित पाठ, टपाल, नभोवाणी यांसारख्या साधनांद्वारे चालणाऱ्या शिक्षणास दूरशिक्षण म्हणतात. पूर्वशिक्षण, वय, उपस्थिती इत्यादींबाबतचे निर्बंध शिथिल करणाऱ्या शिक्षणव्यवस्थेस मुक्त शिक्षण ही संज्ञा आहे. ‘दूर’ हा शब्द अध्यापनाची रीत दाखवितो, तर ‘मुक्त’ हा प्रवेशाचे धोरण. व्यवहारात दोन्ही संज्ञा सरमिसळ वापरल्या जातात. परंतु टपालाने चालणारा, पण प्रवेशाच्या अटी कायम ठेवणारा अभ्यासक्रम मुक्त ठरत नाही.

इंग्लंडमध्ये १८४० साली एक पेनी दराचे टपाल सुरू होताच आयझॅक पिटमन यांनी आपल्या लघुलिपीचे पाठ टपालाने देण्यास प्रारंभ केला. विद्यार्थ्याने लघुलिपीत उतारा लिहून पाठवावयाचा व तो तपासून परत यावयाचा, अशी ही पद्धत होती. तपासून परत आलेला हा कागद म्हणजेच दूरशिक्षणाचा गाभा होय. तो वगळल्यास उरते ती केवळ पुस्तकविक्री. लंडन विद्यापीठाने १८५८ च्या सनदेन्वये महाविद्यालयात न शिकलेल्या पुरुषांना पदवीपरीक्षा खुल्या केल्या (स्त्रियांना हा अधिकार १८७८ मध्ये मिळाला). या बहिःस्थ विद्यार्थ्यांची परीक्षा विद्यापीठ घेई, मात्र त्यांना शिकविण्याची जबाबदारी त्याने स्वीकारली नाही. ती खाजगी पत्रशाळांवर व विद्यार्थ्याच्या चिकाटीवर राहिली.

परीक्षा व अध्यापन यांतील ही फारकत ब्रिटनच्या ‘ओपन युनिव्हर्सिटी’ने दूर केली. हॅरल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये ग्लासगो येथील भाषणात तिची कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात आणताना मंत्री जेनी ली यांनी पदवीचा दर्जा इतर विद्यापीठांच्या तोडीचा असावा, असा आग्रह धरला. राजसनद १९६९ मध्ये मिळाली. वॉल्टर पेरी हे पहिले कुलगुरू झाले आणि १९७१ मध्ये सु. २४,००० विद्यार्थ्यांनिशी अध्यापन सुरू झाले. प्रवेशासाठी पूर्वपरीक्षेची अट नव्हती. प्रसिद्धी दूरचित्रवाणीवरील पाठांना लाभली, तरी खरा भार विषयतज्ञांच्या गटांनी लिहिलेल्या पाठ्यपुस्तिका, मार्गदर्शकांनी तपासलेले स्वाध्याय व उन्हाळी वर्ग यांवर होता. बीबीसीवरील अभ्यासक्रमांचे प्रसारण २००६ मध्ये थांबले. विद्यापीठाचे काम पुढे चालूच राहिले.

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा पदवी अभ्यासक्रम सुरू केला व इतर विद्यापीठांनी त्याचे अनुकरण केले. अभ्यासक्रम व परीक्षा मात्र बहुधा महाविद्यालयीनच राहिल्या. स्वतंत्र मुक्त विद्यापीठाचा विचार १९७४ मध्ये जी. पार्थसारथी समितीने केला. पण असे पहिले विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबाद येथे आंध्र प्रदेश राज्याने स्थापिले. त्याचे पहिले कुलगुरू जी. राम रेड्डी हेच पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे (१९८५) पहिले कुलगुरू झाले. नासिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू होत. मराठीतील स्वयंअध्ययनाची पुस्तके, गावोगावची अभ्यासकेंद्रे व तेथील समंत्रक ही त्याची वैशिष्ट्ये. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम योजून त्याने शाळा सुटलेल्या प्रौढांना पदवीची वाट मोकळी केली.

ही मुक्तता कोठवर असावी, हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९८५ च्या विनियमांत बारावी न झालेल्या, परंतु किमान २१ वर्षे वयाच्या उमेदवारास प्रवेशपरीक्षेद्वारे प्रथम पदवीस प्रवेश देण्याची मुभा होती. काही विद्यापीठांनी त्यापुढे जाऊन प्रथम पदवी नसलेल्यांना थेट एम्. ए. पदव्या दिल्या. अन्नमलई विद्यापीठासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हे विनियम मुक्त विद्यापीठांवरही बंधनकारक असल्याचे सांगून अशी पदवी अग्राह्य ठरविली. प्रवेश देण्यातील सैलपणा विद्यापीठाचा असला, तरी त्याची झळ पदवीच्या आधारे नोकरी वा बढती मिळविणाऱ्यास बसली. दूरशिक्षण परिषद २०१३ मध्ये विसर्जित होऊन या शिक्षणाचे नियमन विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आले.