जकातनाका आणि खारें पाणी

जमिनीवरील राज्यास जकात वसूल करणें फारसें अवघड नसतें. घाटाच्या तोंडाशीं नाका बांधावा, दोन शिपाई उभे करावे आणि बैलाच्या पाठीवरील गोणी मोजून घ्यावी. बैलाला दुसरी वाट नसते. समुद्रावर मात्र चहूंकडे वाटच वाट असल्यामुळें नाका कोठें बांधावा, हा प्रश्न प्रत्येक सत्तेला पडत आला आहे. इराणच्या आखातांतील अरब दर्यावर्दी टोळ्यांकडून जकात घेण्याचे जे प्रयत्न निरनिराळ्या सत्तांनीं केले, त्यांचा इतिहास या दृष्टीनें मनन करण्यासारखा आहे. आणि त्यांतहि लेंगेह बंदराचें प्रकरण विशेष बोधप्रद आहे.

या प्रयत्नांत युरोपीयांपैकीं पहिले पोर्तुगीज. आखाताच्या तोंडाशीं असलेलें होर्मुझ बेट त्यांनीं १५१५ सालीं पक्कें ताब्यांत घेतलें. समुद्रावर चालणाऱ्या प्रत्येक गलबतानें त्यांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, जवळ बाळगावा आणि त्यांच्याच बंदरांत येऊन जकात भरावी, असा त्यांचा दंडक होता. परवाना नसेल तर गलबत जप्त होई. पुढें १६२२ मध्यें इराणच्या शहा अब्बासानें इंग्रजांच्या जहाजांचें साहाय्य घेऊन होर्मुझ जिंकलें. त्या साहाय्याचा मोबदला म्हणून इंग्रज कंपनीनें काय मागितलें? समोरच्या गोंब्रून बंदराच्या जकातींतील अर्धा वांटा! युरोपीय सत्तांचा या आखाताशीं असलेला संबंध प्रथमपासूनच जकातीच्या पेटीभोंवतीं कसा फिरत होता, हें यावरून ध्यानांत येईल.

अठराव्या शतकांत या पाण्यावर कवासिम नांवाच्या अरब टोळीचें वर्चस्व वाढलें. अरबी किनाऱ्यावर रास-अल्-खैमा व शारजा आणि समोरच्या इराणी किनाऱ्यावर लेंगेह, अशीं त्यांचीं ठाणीं होतीं. आपल्या पाण्यांतून सुखरूप जाणाऱ्या गलबतांनीं आपणांस कांहीं द्यावें, असें त्यांचें म्हणणें. इंग्रजांनीं या सर्व व्यवहारास चांचेगिरी हें एकच नांव दिलें. आमच्या वाचकांस येथें कान्होजी आंग्र्यांची आठवण झाल्याखेरीज राहणार नाहीं. कोंकणच्या किनाऱ्यावर त्यांनीं आपलें दस्तक घेण्याची सक्ति केली, तेव्हां त्यांच्याहि कपाळीं हाच शिक्का बसला होता. पोर्तुगीजांनीं घेतला तर परवाना, कंपनीनें घेतली तर जकात, आणि आंग्र्यांनीं अथवा कवासिमांनीं घेतली तर लूट, असा हा न्याय! कवासिमांच्या हातून जहाजें लुटलीं गेलीं, हें खरेंच. परंतु इंग्रजांनीं रंगविलेलें चित्र एकांगी आहे, असें शारजाचे शेख सुलतान बिन मुहम्मद अल् कासिमी यांनीं १९८६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मोठ्या आग्रहानें प्रतिपादिलें आहे.

१८१९ च्या अखेरीस मुंबईहून सर विल्यम ग्रँट कीर याच्या हाताखालीं आरमार व फौज निघाली आणि तिनें रास-अल्-खैमा पाडाव केलें. १८२० च्या तहानें शेखांवर अनेक अटी लादण्यांत आल्या. त्यांतली एक अशी कीं, प्रत्येक गलबतानें आपल्या शेखाच्या सहीचा दाखला बाळगावा, आणि त्यांत गलबताचा मालक, नाखवा, माणसें व हत्यारें यांची नोंद असावी. जुन्या कार्ताझाचाच हा धाकटा भाऊ म्हणावयाचा.

तलवार म्यान झाल्यावर याच टोळ्या व्यापारांत रमल्या. लेंगेहला ऊर्जितावस्था आली ती याच काळांत. इराणची प्रजा म्हणून तेथील कासिमी शेख खंडणी भरीत, आणि बाकी कारभार आपल्या रीतीनें चालवीत. मुंबईहून कापड, तांदूळ व इतर जिन्नस तेथें उतरत आणि लहान तारवांतून समोरच्या अरबी किनाऱ्यावर जात. उलट त्या किनाऱ्यावरचीं मोतीं लेंगेहला जमून मुंबईच्या बाजाराकडे रवाना होत. म्हणजे लेंगेह हें मालाचें घर नव्हतें, ती मालाची धर्मशाळा होती. १८८७ मध्यें इराण सरकारनें तेथील शेखास पकडून तेहरानला नेलें आणि बंदर आपल्या थेट अंमलाखालीं आणलें. तरीहि जकात जुन्या पद्धतीनें मक्त्यानेंच चाले. मक्तेदाराला पैसा हवा, व्यापाऱ्याला सवलत हवी. दोघेहि एकमेकांस ओळखून असत, आणि दोघांचेंहि भागे.

ही घडी मोडली ती बेल्जियन अधिकाऱ्यांनीं. मुजफ्फरुद्दीन शहाची तिजोरी रिकामी झालेली होती. जकातखातें सुधारण्यासाठीं १८९८ मध्यें जोसेफ नाउस व त्याचे सहकारी इराणांत आले. १९०० मध्यें शहानें रशियाकडून सवादोन कोटी रुबलांचें कर्ज काढलें आणि त्यास दक्षिणेकडील बंदरें वगळून बाकी देशाची जकात तारण लावली. मक्ते जाऊन दक्षिणेंतहि पगारी अधिकारी, छापील पावत्या आणि वजनकांटे आले. १९०३ मध्यें नवें दरपत्रक अमलांत आलें. शेंकडा पांच हा जुना सरधोपट दर जाऊन जिनसवार आकारणी सुरू झाली, आणि हिंदुस्थानांतून येणाऱ्या चहावर जबर जकात बसली.

कागदावर ही सुधारणा निर्दोष होती. तिनें मोजला नाहीं तो एकच जिन्नस, आणि तो म्हणजे माणसाची मोकळीक. लेंगेहचा व्यापारी धर्मशाळेंत उतरलेला प्रवासी होता. भाडें वाढतांच त्यानें गांठोडें उचललें. एका रात्रीच्या शिडावर समोर दुबईची खाडी होती. तेथील शेख मक्तूम बिन हशर यानें संधि ओळखून आयातनिर्यातीवरील जकात काढून टाकली, आणि येणाऱ्यास जागा व अभय दिलें. लेंगेह व त्याच्या पाठीमागील मुलखांतून अरब व इराणी कुटुंबें दुबईस येऊन राहिलीं. त्यांतील बस्तक गांवच्या लोकांची वस्ती बस्तकिया या नांवानें प्रसिद्ध झाली. वारा खालीं खेंचून घेणारे तिचे मनोरे आजहि तेथें उभे आहेत. लवकरच ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटीहि दुबईस नियमानें लागूं लागल्या.

व्यापार पळाला हें पाहून जकातखातें त्याच्या मागें समुद्रांत उतरलें. १९०४ मध्यें त्याच्या अधिकाऱ्यांनीं तुंब व अबू मूसा या बेटांवरील कासिमी निशाण उतरवून इराणचें चढविलें. इंग्रजांनीं हरकत घेतांच कांहीं महिन्यांतच तें काढून घ्यावें लागलें. या बेटांचा वाद मात्र तेव्हांपासून धुमसत राहिला. १९७१ मध्यें इंग्रज आखातांतून जात असतां इराणी फौज तेथें उतरली, आणि तो अद्यापि मिटलेला नाहीं.

आतां दोष कोणाचा? आपल्या बंदरांत जकात घेण्याचा हक्क इराणला नव्हता, असें कोण म्हणेल? गरीब देशाला शाळा, रस्ते, फौज हीं सर्व अशाच उत्पन्नांतून उभारावयाचीं असतात. परंतु ती जकात ठरविली परकीयांच्या सल्ल्यानें, वसूल केली परकीयांच्या हातानें, आणि देशाच्या जकातीचा मोठा भाग गेला परकीय कर्जाच्या हप्त्यांत. देणाऱ्याला तिच्या बदल्यांत किनाऱ्यावर एक दिवाहि लागलेला दिसला नाहीं. म्हणूनच लेंगेहचा अरब होडींत बसून निघून गेला. आणि ज्यांना होडी नव्हती त्या तेहरानच्या लोकांनीं राज्यक्रांति केली. १९०७ मध्यें नव्या मजलिसनें नाउसला बडतर्फ करण्यास शहास भाग पाडलें, तेव्हां त्या दोन्ही रागांचें मूळ एकच होतें.

कर हा राजा व प्रजा यांमधील करार आहे, हें तत्त्व सर्वच राज्यकर्ते बोलून दाखवितात. भूमीवरच्या प्रजेला करार मोडतां येत नाहीं, म्हणून त्या तत्त्वाची परीक्षा तेथें क्वचितच होते. ती परीक्षा ज्यांच्या दारांत समुद्र असतो अशा लोकांपाशीं होते. नाउसचे वजनकांटे अचूक होते, याविषयीं शंका नाहीं. परंतु तोलण्यासारखा माल लेंगेहला दिवसेंदिवस कमी येत गेला.