कीटकसंहारक सूत्रकृमी आणि वाशिम परिसरातील पीक संरक्षण

कीटकांच्या शरीरात शिरून आपल्या सहजीवी सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने त्यांना दोन-तीन दिवसांत ठार करणाऱ्या सूक्ष्म गोलकृमींना ‘कीटकसंहारक सूत्रकृमी’ असे म्हणतात. त्यांची दोन कुले विशेष महत्त्वाची आहेत : स्टायनरनेमाटिडी व हेटरोऱ्हॅब्डायटिडी. पहिल्या कुलातील कृमींच्या सोबत झेनोऱ्हॅब्डस प्रजातीचे, तर दुसऱ्यातील कृमींच्या सोबत फोटोऱ्हॅब्डस प्रजातीचे सूक्ष्मजंतू आढळतात. वनस्पतींच्या मुळांवर जगणाऱ्या सूत्रकृमींशी त्यांची गल्लत करू नये. वाशिम, अकोला व अमरावती या भागांतील हळदीच्या व भाजीपाल्याच्या मुळांवर गाठी आणणारे, त्याचप्रमाणे संत्र्याच्या मुळांवर उपजीविका करून झाड खंगविणारे सूत्रकृमी हे शेतकऱ्याचे शत्रू होत. ‘सूत्रकृमी’ हा शब्द त्याला बहुधा याच अर्थाने परिचित असतो व म्हणून सूत्रकृमींची भुकटी शेतात टाकावयाची म्हटले की तो साशंक होतो. ही शंका अज्ञानमूलक म्हणून बाजूस सारणे योग्य नाही. दोन्ही गटांतील फरक आधी स्पष्ट केला पाहिजे.

कीटकसंहारक सूत्रकृमीची तिसऱ्या अवस्थेतील अळी तेवढी जमिनीत मोकळी वावरते. ती सु. ०·४ ते १·१ मिमी. लांब असते, काही खात नाही आणि दुसऱ्या अवस्थेतील कात अंगाभोवती तशीच ठेवून भक्ष्याच्या शोधात किंवा प्रतीक्षेत राहते. कीटकाच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वासरंध्रांतून ती आत शिरते. हेटरोऱ्हॅब्डायटिस प्रजातीच्या अळीस डोक्याच्या टोकाशी एक दात असतो व त्याच्या योगाने मऊ उपत्वचा फाडूनही तिला आत जाता येते. देहपोकळीत पोहोचल्यावर ती आपल्या आतड्यातील सूक्ष्मजंतू बाहेर सोडते. ते झपाट्याने वाढून विषे व एंझाइमे निर्माण करतात आणि कीटक बहुधा २४ ते ४८ तासांत मरतो. मग कृमी हे सूक्ष्मजंतू व कीटकाची विरघळलेली ऊतके खाऊन वाढतात आणि दोन-तीन पिढ्यांनंतर हजारो, मोठ्या अळीतून लाखाच्याही घरात, नवे कृमी बाहेर पडतात. प्रत्येकाच्या आतड्यात पुढील शिकारीसाठी सूक्ष्मजंतूंची शिदोरी असते. मृत कीटक मात्र सडत नाही, कारण हेच सूक्ष्मजंतू प्रतिजैव पदार्थ स्रवून इतर जंतूंना आत वाढू देत नाहीत. काही पदार्थांमुळे तर मुंग्याही त्या मृतदेहापासून दूर राहतात. निसर्गात हे सूक्ष्मजंतू जमिनीत मोकळे टिकत नाहीत. एका कीटकातून दुसऱ्यात जाण्यासाठी त्यांना कृमीचेच वाहन लागते. याउलट सूक्ष्मजंतूंवाचून कृमीची शिकार व वाढ दोन्ही अडतात.

ही भागीदारी ओळखण्यास शास्त्रज्ञांना बराच काळ लागला. जी. स्टायनर यांनी १९२३ मध्ये जर्मनीतील एका सूत्रकृमीचे वर्णन केले. पुढे प्रजातीला त्यांचेच नाव मिळाले. प्रत्यक्ष कीड नियंत्रणाचा इतिहास मात्र १९२९ पासून सुरू होतो. त्या वर्षी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात हॅडनफील्डजवळच्या एका गोल्फ मैदानावर आर. डब्ल्यू. ग्लेझर यांना जपानी भुंगेऱ्याच्या मेलेल्या अळ्यांमध्ये सूत्रकृमी आढळले. जपानी भुंगेरा हा आपल्याकडील हुमणीच्याच कुलातील आहे. ग्लेझर यांनी हे कृमी कृत्रिम माध्यमावर वाढविण्याची पद्धती बसविली आणि पुढील दशकात ते शेतांत सोडण्याचे प्रयोग केले. परंतु सहजीवी सूक्ष्मजंतूंचे महत्त्व त्या वेळी कळलेले नव्हते. माध्यम शुद्ध राखण्यासाठी जी द्रव्ये वापरली जात, त्यांनी कृमींचे सोबतीच नष्ट होत व कृमींची मारकशक्ती घटे. पुढे डीडीटीसारखी स्वस्त रसायने आली व हा विषय मागे पडला. १९५५ मध्ये डटकी व हफ यांनी सफरचंदावरील पतंगाच्या अळीतून ‘डीडी-१३६’ हा वाण मिळविला. त्यानंतर जी. ओ. पॉइनर व जी. एम. टॉमस यांनी १९६५ च्या सुमारास या वाणातील सूक्ष्मजंतू वेगळा करून त्याचे वर्णन केले. झेनोऱ्हॅब्डस ही प्रजाती १९७९ मध्ये आणि फोटोऱ्हॅब्डस १९९३ मध्ये स्थापन झाली. फोटोऱ्हॅब्डसमुळे मेलेला कीटक विटकरी लाल होतो व अंधारात मंद चमकतो. प्रजातीचे नाव त्यावरूनच पडले. ऑस्ट्रेलियात ॲकहर्स्ट यांनी सूक्ष्मजंतूची दोन रूपे असतात व त्यांपैकी एकच कृमीला खऱ्या अर्थाने पोषक ठरते, हे १९८० मध्ये दाखविले. तेथेच आर. ए. बेडिंग यांनी स्पंजच्या तुकड्यांवर कृमी मोठ्या प्रमाणात वाढविण्याची पद्धती विकसित केली. या दोन्ही गोष्टी कळल्यानंतरच कारखान्यातील उत्पादन भरवशाचे झाले.

भारतात या कृमींचा प्रवेश बाहेरून झाला. १९६६ च्या सुमारास बंगलोर येथील राष्ट्रकुल जैव नियंत्रण संस्थेच्या केंद्रात व्ही. पी. राव व टी. एम. मंजुनाथ यांनी डीडी-१३६ वाणाच्या चाचण्या घेतल्या व नंतर भात आणि इतर पिकांवरील किडींसाठीही तो तपासला गेला. प्रयोगशाळेत तो उत्तम ठरला, शेतात मात्र निराशा झाली. थंड प्रदेशातील वाण आपल्या उन्हाळ्यात व कोरड्या जमिनीत टिकणार नाही, हे खरे तर आधीच ओळखता आले असते. चित्र पालटले ते देशी जाती सापडल्यानंतर. १९९२ मध्ये पॉइनर, करुणाकर व डेव्हिड यांनी कोईमतूर भागातील उसावरील खोडकिडीतून मिळालेल्या हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका या नव्या जातीचे वर्णन केले. ही जाती उष्ण प्रदेशात चांगली तग धरते. तिच्या सोबतच्या सूक्ष्मजंतूस आज फोटोऱ्हॅब्डस ॲकहर्स्टी म्हणतात. बंगलोर येथे १९९३ मध्ये जैव नियंत्रण प्रकल्प संचालनालय स्थापन झाले. तीच संस्था आता राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो या नावाने ओळखली जाते व तिने या कृमीची पाण्यात मिसळणारी भुकटी हुमणीसाठी तयार केली आहे. कापूस पट्ट्यातील देशी कृमींवर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत (स्थापना १९७६) काम झालेले आहे.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच सुमारास येथील शेती ज्वारी-कपाशीकडून सोयाबीन-तुरीकडे वळत होती. रिसोड व मालेगाव भागांत पुढे हळदीचीही भर पडली. हुमणीच्या दृष्टीने ही पिके सोयीची आहेत. पहिल्या दमदार पावसानंतर सायंकाळी भुंगेरे जमिनीबाहेर येतात, कडुनिंब, बाभूळ व बोरीवर जमून पाला खातात आणि नंतर मादी जमिनीत अंडी घालते. अळ्या जुलै ते सप्टेंबरमध्ये मुळे कुरतडतात. रोप वाळल्यावरच, म्हणजे उशिराने, नुकसान लक्षात येते. वर्षानुवर्षे यावर फोरेटची दाणेदार भुकटी हा सोपा उपाय मानला जाई. हे रसायन अत्यंत विषारी असून भारत सरकारच्या ऑगस्ट २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्या वापरावर बंदी आली. त्याआधी २०१७ च्या खरीप हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सु. २० शेतकरी व मजूर दगावले. नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्य शासनाने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशिम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या वापरावर साठ दिवसांची बंदी घातली. त्या मृत्यूंना कारण झालेली रसायने मुख्यतः पानांवरील किडींसाठी होती. सूत्रकृमी त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. पानांवर पडलेले कृमी उन्हाने, कोरड्या हवेने व जंबुपार किरणांनी अल्पावधीत मरतात. तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर फवारणी करून परिणाम मिळत नाही अशी तक्रार येते, ती याच कारणाने. त्यांचे खरे क्षेत्र जमिनीखालचे, म्हणजे नेमके फोरेटने रिकामे केलेले.

वाशिमची जमीन या कामाला पूर्णतः अनुकूल नाही, हेही नमूद केले पाहिजे. भारी काळ्या जमिनीत रंध्रे फार बारीक असल्याने कृमींची हालचाल रेताड जमिनीपेक्षा मंद होते. मे महिन्यात ही जमीन भेगाळते व हवेचे तापमान ४०° से. च्या वर जाते, तेव्हा कृमी सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पाऊस स्थिरावल्यावर जमीन ओली असताना व अळ्या पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत असताना, सायंकाळी वा ढगाळ हवेत ते सोडणे योग्य ठरते. मोठ्या अळ्यांवर परिणाम कमी होतो. त्यांच्या श्वासरंध्रांवर चाळणीसारखे पडदे असतात व कृमी आत शिरण्यास अडतात. प्रमाण साधारणतः दर हेक्टरी अडीच अब्ज कृमी, म्हणजे एक चौरस सेंमी. जागेत पंचवीस, असे धरतात. सूत्रकृमिनाशक औषध दिलेल्या वाफ्यात हा खर्च वाया जातो, कारण ते औषध शत्रू-मित्र पाहत नाही. झाडांवरचे भुंगेरे रात्री गोळा करणे व मेटॅऱ्हिझियम कवकाचा वापर हे उपाय जोडीला ठेवावे लागतात. केवळ कृमींवर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

या कृमींपासून माणूस, जनावरे व मधमाश्यांना सहसा अपाय होत नाही. अमेरिका व ऑस्ट्रेलियातील काही रुग्णांच्या जखमांतून फोटोऱ्हॅब्डस असिंबायोटिका हा वेगळा सूक्ष्मजंतू मिळाला आहे. बाजारातील भुकटीत तो नसतो. या सूक्ष्मजंतूंच्या प्रतिजैव पदार्थांकडे औषधशास्त्राचेही लक्ष गेले आहे. फोटोऱ्हॅब्डसमध्ये प्रथम आढळलेल्या एका संयुगापासून तयार केलेले टॅपिनारॉफ हे मलम सोरायसिस या त्वचारोगासाठी अमेरिकेत २०२२ मध्ये मान्य झाले.

खेड्यातील दुकानात ठेवलेली कृमींची पुडी हा या सगळ्या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा आहे. तीत जिवंत प्राणी असतात व पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात ते मरून जातात; भुकटीचे रूप मात्र बदलत नाही. वापरण्यापूर्वी चिमूटभर भुकटी स्वच्छ पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांनी भिंगाखाली पाहिल्यास जिवंत कृमी वळवळताना दिसतात. सरळ व निश्चल काड्या दिसल्या तर ते बहुधा मेलेले असतात. सोडल्यानंतर आठ-दहा दिवसांनी रोपाच्या मुळाशी उकरून पाहावे. मेलेली हुमणी काळी पडून दुर्गंधी येत असेल, तर मृत्यूचे कारण दुसरे. ती विटकरी लाल, मऊ आणि वास न येणारी असेल, तर फोडून पाण्यात ठेवल्यास पांढऱ्या बारीक धाग्यांसारखे कृमी बाहेर येताना दिसतात.